उलट फिरणारी डावी

मित्रांनो, मी एक जुनं डिझेल इंजिन आहे, आणि मी उलटी फिरते.

हे ऐकल्यावर लोक हसतात, म्हणून आधीच सांगून टाकलं. एक पोस्टमन रोज सायकलसकट आमच्या बोटीने नदी ओलांडायचा. त्याला कुणीतरी माझ्याबद्दल सांगितलं, तर त्याने अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, मग आपण पलीकडे पोचतो कसे, हिच्या बाजूने तर आपण घरीच परत जात असू. अख्खी बोट खो खो हसली. मी खाली अंधारात त्यालाच पलीकडे नेत होते, पण माझं कोण ऐकतंय.

खरं तर इंजिनाला ‘ते’ म्हणायचं असतं. पण आमच्या बोटीवर आम्हाला कुणी कधी ‘ते’ म्हणालं नाही. आम्ही दोघी जुळ्या. बोटीच्या उजव्या अंगाला बसते ती उजवी आणि डाव्या अंगाला बसते ती डावी. मी डावी. इतकी सोपी नावं, आणि तरी आयुष्यभर मला वाटत आलं की चांगलं नाव तिलाच मिळालं.

आता उलटं फिरायची गरज काय, तर ऐका. बोटीचा पंखा पाण्यात फिरतो ना, तो बोटीला नुसता पुढे ढकलत नाही, तिचं शेपूट हळूच एका अंगालाही सरकवतो. दोन पंखे एकाच दिशेला फिरले तर शेपूट दुप्पट सरकतं. म्हणून शहाण्या माणसांनी ठरवलं, एक असा फिरवायचा आणि एक तसा. तिची ओढ मी खाते, माझी ओढ ती खाते, आणि बोट नाकासमोर सरळ जाते. थोडक्यात, बोट सरळ जावी म्हणून कुणीतरी उलटं फिरायचं होतं, आणि ते कुणीतरी मीच निघाले. मला कुणी विचारलं नव्हतं.

आमचा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. एकाच साच्यातून आम्ही ओतल्या गेलो, एकाच रंगाच्या डब्यातला हिरवा रंग आम्हाला लागला. फरक सगळा पोटात. झडपा उघडणारा दांडा माझा वेगळा, स्टार्टर वेगळा, तेलाचा पंप वेगळा. चाचणीच्या खोलीत कानात कापूस घातलेला एक म्हातारा कारागीर होता. त्याने उजवीला चालू केलं, तिच्यावर तळहात ठेवला आणि म्हणाला, छान. मग मला चालू केलं, तळहात ठेवला, आणि वळून मदतनिसाला विचारलं की ही अशीच फिरायची आहे ना, नक्की ना, परत एकदा बघ बरं. म्हणजे पहिल्याच दिवशी तिला शाबासकी मिळाली आणि मला चौकशी. कारखान्यातून निघताना माझ्या कपाळावर लाल रंगाने ‘उलट फेरा’ असं ठळक लिहून ठेवलं. तिच्या कपाळावर नुसती पितळी पट्टी, कारखान्याच्या नावाची. पट्टी मलाही होती, पण लाल अक्षरांपुढे पट्टी कोण बघतो, तुम्हीच सांगा.

अशा आम्ही बोटीवर आलो. बोटीचे मालक अण्णा. तेव्हा ते स्वतःच बोट चालवायचे. डेकवरच्या फळ्या उचलल्या की आमची खोली, आणि खाली उतरायची लोखंडी शिडी नेमकी उजवीच्या पुढ्यात. त्यामुळे येणारा जाणारा प्रत्येक जण आधी तिच्याकडे बघायचा. हातातल्या फडक्याने सहज तिची पट्टी पुसायचा. मी पलीकडे. माझ्यापुढे दोरांची वेटोळी, वाळूची बादली, तेलाचे रिकामे डबे. माझी पट्टी पुसायची तर आधी एवढा सगळा संसार हलवायला हवा. कोण हलवणार?

सकाळी किल्ली फिरवायची तीसुद्धा आधी उजवीची. मग माझी. कधी उलटं झालं नाही. ती लगेच घुमायला लागायची, आणि त्या क्षणभरात मी गप्प बसून तिचा आवाज ऐकायचे. तो क्षण किती लांब असतो, हे दुसऱ्या नंबरावर उभं राहिलेल्यालाच कळतं.

पण खरा राग कशाचा यायचा सांगू? ती कधी मिरवायची नाही. एकदा तरी तिने नाक वर केलं असतं, एकदा तरी मला टोमणा मारला असता, तर माझं काम किती सोपं झालं असतं. ती आपली एका लयीत, एका सुरात, घर्र घर्र. चांगली म्हणजे किती चांगली. अशा बहिणीचा हेवा करणं म्हणजे भिंतीशी भांडणं.

अण्णांवर मात्र मला बोट ठेवता यायचं नाही. त्यांनी आमच्यात डावं-उजवं कधी केलं नाही. त्यांचा एक नेम होता. जे आणायचं ते जोडीने. उजवीचा पट्टा झिजला की दोन पट्टे यायचे. माझी नळी फुटली की दोन नळ्या. गरज एकीला असली तरी दुकानदाराला सांगायचे, जोडी दे. त्यांना घरीही दोन मुलीच होत्या, थोरली आणि धाकटी, आणि घरातही हाच नेम चालायचा. एकाच कापडाचे दोन फ्रॉक, एकाच मापाचे बूट, फळ कापलं तर सुरी बरोबर मधोमध. दोघी लहानपणी बोटीवर यायच्या तेव्हा लांबून ओळखू यायच्या नाहीत. धाकटी जरा फेंगडी चालायची, एवढाच फरक.

मला हा नेम फार आवडायचा. तिला जे, ते मला. मी डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायचे. तिच्या अंगात नवीन नटबोल्ट पडला की माझा कुठाय म्हणून मी थरथरायला लागायचे, आणि मिस्त्री म्हणायचा, बघा, हिला आता नवे पाहिजेत.

मिस्त्री म्हणजे आमचा डॉक्टर. अण्णांचा लहानपणचा मित्र. अंगाने बारीक, बोलायला तिखट, आणि हात असे की अंधारात नुसत्या स्पर्शाने पाना निवडायचा. पूर्ण इंजिन उघडून साफ करायचं पहिलं मोठं काम त्यानेच केलं. आम्हा दोघींचं एकदमच. त्या वेळी आमच्या मागच्या बाजूची जुनी सील काढून नवीन पद्धतीची बसवली. सील म्हणजे काय, तर एक गोल कडं. पंख्याकडे जाणारा दांडा इंजिनातून जिथे बाहेर पडतो, तिथे हे कडं त्याच्याभोवती घट्ट बसतं, म्हणजे आतलं तेल बाहेर येत नाही. आधीची दोरीसारखी साधी होती. नवीन काळी, चकचकीत, रबराची. अण्णांनी अर्थातच जोडी आणली. एक तिला, एक मला. मी खूश.

आणि त्यानंतर मी गळायला लागले.

मिस्त्रीची एक सवय होती. संध्याकाळी बोट बांधली की तो आमच्या दोघींखाली एकेक पांढरा कागद पसरायचा, आणि सकाळी उचलून बघायचा. कागदावर थेंब असले तर कुठून, किती, कोणत्या रंगाचे, यावरून तो आमची तब्येत सांगायचा. उजवीचा कागद रोज कोरा. माझ्या कागदावर रोज काळा ठिपका. मग रुपयाएवढा. मग बशीएवढा. मिस्त्री माझा कागद दोन बोटांत उचलून सगळ्यांना दाखवायचा आणि म्हणायचा, घ्या, बाईसाहेबांनी परत चित्र काढलं. हसायचे सगळे. माझं मात्र काळीज जळायचं. मला त्या कोऱ्या कागदाचा इतका हेवा वाटायचा, इतका, की कधी कधी वाटे, रात्रीतून कागदांची अदलाबदल झाली तर?

बिचाऱ्या मिस्त्रीने कष्ट कमी केले नाहीत. ती सील बदलायची म्हणजे खेळ नाही. आधी मागचा गिअरबॉक्स सोडवायचा, मग फ्लायव्हील म्हणजे मागचं मोठं लोखंडी चाक उतरवायचं, ते एवढं जड की उचलताना दोघांच्या कपाळावर शिरा उठायच्या. तो माझ्याजवळ आडवा पडून, घामाघूम होऊन जुनी सील काढायचा आणि अगदी तशीच नवी बसवायचा. चार दिवस बरे जायचे. पुन्हा चित्र. शेवटी त्याने सांगून टाकलं, की उलट फिरणाऱ्याची प्रकृतीच अशी. गळणारच.

मग ते सगळ्यांच्या तोंडी बसलं. उजवी कधी खोकली तर सगळे धावत खाली यायचे, काय झालं गं, काल तर चांगली होती. मी खोकले तर वरूनच, हिचं काय, नेहमीचंच.

वर्षं गेली. अण्णांच्या गुडघ्यांनी शिडीला नकार दिला आणि सुकाणूवर थोरली आली. प्रवासी तिला ताई म्हणायचे, म्हणून मीही ताईच म्हणते. धाकटी लग्न होऊन दूर शहरात गेली. ताई बोट फार सुंदर चालवायची. धक्क्याला लागताना आम्हा दोघींना वेगवेगळं खेळवायची, हिला जरा पुढे, तिला जरा मागे, आणि बोट अशी अलगद टेकायची की उभ्या माणसाच्या हातातला चहा हिंदकळत नसे. त्यात माझाही निम्मा वाटा होता. पण ‘आधी उजवी’ ही किल्लीची सवय तिनेही अण्णांकडूनच घेतली होती.

मग माझा दिवस उगवला.

त्या दिवशी बोट खचाखच भरलेली. शाळेच्या बाई होत्या, पोस्टमन होता, भाजीच्या टोपल्या, एक आजारी आजोबा आणि त्यांना धरून बसलेली सून. नदीच्या मधोमध वाहत आलेला जाळ्याचा एक तुकडा उजवीच्या पंख्यात गुरफटला. तिने एकच हिसका दिला आणि ताईने तिला चटकन बंद केलं. आणि मित्रांनो, खोलीत शांतता पसरली. म्हणजे माझा आवाज होता, पण फक्त माझा. आयुष्यात पहिल्यांदाच मी माझ्या एकटीचा आवाज ऐकला.

मी खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. बघ म्हटलं, बघ आता, उलटी काय करते ती. ताईने माझा वेग वाढवला. मी होतं नव्हतं ते सगळं पणाला लावलं. वर माणसं म्हणत होती, एकच चालतेय वाटतं, डावी, डावीच आहे ती. माझं नाव, एवढ्या तोंडांतून, एकदम! मी फुलून गेले.

पण बोट सरळ जाईना. मी जितका जोर करावा तितकं नाक उजवीकडे वळायचं, जसं कुणी तिकडून कान धरून ओढतंय. समोर दुसरी ओढ नव्हती ना, माझी ओढ खाणारी. ताई सुकाणूवर सगळं अंग टाकून उभी होती. तिचे पाय माझ्या डोक्यावरच्या फळीवर होते, ते थरथरत होते, मला ते कळत होतं. मी जोर केला की ते जास्त थरथरायचे. काय करावं मला समजेना. जोर करणं हेच तर मला येत होतं.

तिरक्या तिरक्या चालीने आम्ही काठाला लागलो. आजोबांना उतरवलं. सून ताईला म्हणाली, तुमच्या डावीने तारलं हो आज. ताई दंड चोळत नुसती हसली.

मी मोठी शर्यत जिंकल्यासारखी धापा टाकत होते. तेवढ्यात बोटीच्या तळाचा पंप आपोआप चालू झाला. तळाशी साचलेलं पाणी नदीत फेकायचं त्याचं काम. पण एवढा वेळ एकटीने जोर केल्यामुळे मी त्या पाण्यात कधी नव्हे इतकं तेल सांडलं होतं. धक्क्याला लागून पाण्यावर भलामोठा रंगीत तवंग पसरला, जांभळा, हिरवा, सोनेरी. आणि धक्क्यावर बंदराचे निरीक्षक उभे होते. दुसऱ्याच कामाला आले होते. त्यांनी तवंग पाहिला, बोट पाहिली, आणि ताईला नीट बोलूनच सांगितलं की पुढच्या तपासणीपर्यंत ही गळती बंद झाली पाहिजे, नाहीतर या बोटीत माणसं बसवता येणार नाहीत. नदीचंच पाणी दोन्ही काठांचे लोक पितात. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

म्हणजे बघा, माझ्या वैभवाचा जो दिवस, तोच माझ्या निकालाचा.

दुसऱ्या दिवशी आमच्या डोक्यावरच्या फळ्या उघडून अण्णा, ताई आणि मिस्त्री बसले. मिस्त्रीचं म्हणणं, हिला काढा. भंगारवाला घेईल. तिच्या जागी साधं सरळ फिरणारं इंजिन घ्या, उजवीसारखं. भाग कुठेही मिळतील, डोक्याला ताप नाही. अण्णा मान हलवत होते. उजवीसारखं! म्हणजे माझ्या जागी कोण, तर दुसरी उजवी. मला भंगाराची भीती वाटली, पण त्याहून जास्त त्या न आलेल्या दुसऱ्या उजवीचा राग आला. अजून जन्माला आली की नाही ठाऊक नाही, तिच्याही कोऱ्या कागदाचा मी हेवा करून घेतला.

ताई एकटी अडून बसली.

“दोन्ही एकाच दिशेला फिरणारी घेतली तर बोट कायमची एका अंगाला ओढ घेईल,” ती म्हणाली. “अण्णा, तुम्ही आता काठावरून बघता. सुकाणू माझ्या हातात असतं.”

“सवय होईल,” अण्णा म्हणाले.

“काल झाली तेवढी पुरे,” ताई म्हणाली आणि दंड चोळायला लागली.

पण गळतीवर उपाय तिच्याकडेही नव्हता. तपासणी जवळ येत होती. शेवटी ठरलं, मला काढायचं.

त्या दिवसासाठी धाकटी मुद्दाम शहरातून आली. लहानपणी ती माझ्याच डोक्यावरच्या फळीवर बसून पाय हलवायची, म्हणून म्हणाली, शेवटचं बघून जाते. मला बरं वाटलं. कुणीतरी माझ्यासाठी आलं होतं, उजवीसाठी नाही. ती तिच्या जुन्याच जागेवर बसली. मिस्त्री खाली माझे नट सोडवत होता. अण्णा शिडीच्या वरच्या टोकाला, आणि त्यांचं मन काही मानत नव्हतं. पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते.

“कधी कमी-जास्त केलं नाही मी. जे हिला ते तिला. पट्टा म्हणू नका, नळी म्हणू नका, सील म्हणू नका. सगळं सारखं. तरी हिलाच का गळती?”

“अण्णा, बूट आठवतात?” धाकटी म्हणाली.

“कुठले बूट?”

“ताईचे आणि माझे. शाळेचे. दर वर्षी एकाच मापाचे.”

“चांगले होते की.”

“ताईला चांगले होते. माझे पाय तिच्याहून मोठे. बोटं दुमडून घालायची मी. म्हणून तर बदकासारखी चालायचे.”

अण्णा तिच्या पायांकडे बघत राहिले. जणू पहिल्यांदाच बघत होते. मग म्हणाले, “अगं मग बोलायचं ना.”

“काय बोलणार? रडून मीच मागितलेले. ताईसारखेच पाहिजेत म्हणून.”

“आणि वर मला म्हणायची, तुझे जास्त चमकतात,” ताई म्हणाली.

“चमकायचेच. तू पुसायचीस ना.”

तिघं हसायला लागले. अण्णांचं हसू जरा उशिरा आलं. धाकटीने वाकून माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गमतीनेच म्हणाली, “ही माझ्या जातीची आहे. सारखं घालून घालून हिचं एखादं बोट दुमडलंय कुठेतरी.”

मिस्त्रीही खाली हसत होता. हसता हसता थांबला. पाना त्याच्या हातात तसाच राहिला.

मग तो उठला आणि कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डब्यात काहीतरी शोधायला लागला. मागच्या वेळी माझ्यासाठी सील आणली, तेव्हा नेमाप्रमाणे जोडीच आली होती. उजवीला गरज नव्हती. तिच्या वाट्याची सील कागदात गुंडाळलेली तशीच पडली होती. ती काढून त्याने उजेडात धरली. बोटाने आतून चाचपली. कड्याच्या आतल्या बाजूला बारीक बारीक तिरक्या रेषा होत्या, सगळ्या एकीकडे झुकलेल्या. आणि बाहेरच्या काठावर एक चिमुकला बाण.

तसं कडं त्याने कितीदा हातात धरलं असेल. तो बाण सील बसवली की आत दडतो, दिसत नाही. आणि गोल वस्तूला कसली आली दिशा, असं कुणालाही वाटणार. माझा स्टार्टर वेगळा, पंप वेगळा, हे त्याला तोंडपाठ होतं. पण कडं? कडं म्हणजे कडं.

त्याने धाकटीला समजावून सांगितलं तेव्हा मलाही कळलं. दांडा बाणाच्या दिशेने फिरला की या तिरक्या रेषा सुटू पाहणारं तेल हळूहळू आत ढकलत राहतात. स्क्रू पिळावा तसं. दांडा उलटा फिरला तर? त्याच रेषा, त्याच इमानदारीने, आतलं तेल बाहेर ओढत राहतात.

मिस्त्री माझ्या शेजारी बसला, जिथे तो इतके वेळा आडवा पडला होता.

“अण्णा, गोल वस्तूलाही तोंड असतं,” तो म्हणाला. “ही गळत नव्हती. दर वेळी मी नवी सील घालून हिला तेल बाहेर टाकायला लावत होतो.”

जी वस्तू तिला मिळाली तीच मलाही मिळाली म्हणून मी खूश झाले, तीच माझं पोट रिकामं करत होती. आणि तिला जे, ते मला, हा हट्ट तर माझाच होता. धाकटी अजूनही माझ्यावर हात ठेवून बसली होती, आणि मला वाटलं, हिला सगळं ठाऊक आहे.

मला काढायचं थांबलं. पण उलट्या बाणाची सील मिळेना. जवळच्या दुकानदाराने सांगितलं, सील ती सील, घेऊन जा हीच. मग कारखान्याच्या गावाहून मागवावी लागली. तपासणीचा दिवस तोंडावर आला आणि पार्सलचा पत्ता नाही. ताई रोज धक्क्यावर पोस्टमनची वाट बघायची. शेवटी तपासणीच्या आदल्या सकाळी तोच पोस्टमन सायकल मारत आला आणि म्हणाला, घ्या, उलटीचं औषध आलं. या वेळी मीसुद्धा त्याच्यावर रागावले नाही.

पार्सल उघडलं, आत एकच कडं. अण्णांनी डबा उलटा करून झटकला.

“एकच? आणि उजवीला?”

“उजवीला नको,” मिस्त्री म्हणाला. “ही हिची एकटीची आहे.”

एकटीची! मित्रांनो, एवढ्या आयुष्यात माझ्या एकटीसाठी काही आलं ते हे पहिलंच. मी चोरून उजवीकडे पाहिलं. आता तरी जळेल म्हटलं. ती आपली शांत. तिच्यापुढे मी हात टेकले, म्हणजे मला हात असते तर टेकले असते.

मिस्त्रीने दिवसभर खपून सील बसवली. ताईने नदीवर चार फेऱ्या मारल्या, आम्हा दोघींना पूर्ण जोराने चालवून. तिची ओढ मी खाल्ली, माझी तिने. बोट नाकासमोर गेली. त्या एकट्या दिवसानंतर मला प्रथमच जाणवलं की मी जे ढकलते ते वाया जात नाही, कारण पलीकडे कुणीतरी तितक्याच जोराने उलटं ढकलतंय. तिच्या बाजूने पाहिलं तर उलटी तीच की!

संध्याकाळी मिस्त्रीने दोन कागद पसरले.

सकाळी निरीक्षक यायच्या आधी सगळे शिडीवर गर्दी करून उभे. मिस्त्रीने दोर आणि डबे बाजूला सारले आणि माझा कागद उचलला. कोरा. दोन्ही बाजूंनी कोरा. निरीक्षकांनी तळाचं पाणी पाहिलं, पाण्यावर तवंग नव्हता, आणि त्यांनी बोट चालू ठेवायला सांगितलं. अण्णांनी कसंबसं खाली येऊन आपल्या हाताने माझी पट्टी पुसली. त्या दिवशी मला वाटलं, बस्स, आता आयुष्यात कुणाचा हेवा करायचा राहिला नाही.

तो आनंद टिकला काही दिवस. मग एका सकाळी मिस्त्रीने कागद उचलले आणि थबकला. उजवीच्या कागदावर थेंब होता. एकच, मोहरीएवढा.

झालं. ताई धावत आली. अण्णा दुखऱ्या गुडघ्यांनी शिडी उतरून आले. सगळे तिच्याभोवती. काय झालं गं, कधी नव्हे ते. माझा शुभ्र कोरा कागद मिस्त्रीने न बघताच चुरगळून खिशात घातला. मला असा राग आला म्हणून सांगू! मी इतकी वर्षं ज्या कोऱ्या कागदासाठी जळले, तो मिळाला, आणि त्याच्याकडे कुणाचं लक्षही नाही.

मग मिस्त्री तिच्याशेजारी आडवा पडला आणि हात आत घालून म्हणाला, अगं, हिची सील तर पार कडक झालीय, पहिल्या वेळी घातलेली तीच, पुन्हा हात लावलाच नाही हिला कुणी.

हात लावलाच नाही. मी ते ऐकलं आणि माझा राग जागच्या जागी थांबला.

कारण खरं होतं. तिची पट्टी पुसली जायची, शिडीवरून येता-जाता. पण मिस्त्री घामाघूम होऊन रात्र पडेपर्यंत ज्या इंजिनाशेजारी आडवा असायचा, ज्याच्याशी बोलायचा, ज्याला बाईसाहेब म्हणायचा, ते इंजिन मी होते. सगळे हसायचे तेही माझ्याच कागदाला. तिचा कागद रोज कोरा निघायचा आणि रोज न बघता चुरगळला जायचा. एक दिवस नाही, वर्षानुवर्षं. आणि ती कधी काही बोलली नाही. मला वाटायचं तिला मिरवता येत नाही. तिला मागताच येत नव्हतं.

डब्यातली ती गुंडाळलेली सील, जोडीतली, तिच्या वाट्याची, मिस्त्रीने काढली आणि तिला बसवली. बाण बरोबर तिच्या दिशेचा.

मित्रांनो, मी आता म्हातारी झाले आहे, आणि माझा स्वभाव काही बदललेला नाही. आजही किल्ली आधी तिची फिरते आणि आजही तो क्षण मला लांब वाटतो. पण तुमच्या घरात, वर्गात, कामाच्या जागी आमच्यासारखी दोघं असतील, तर माझं एवढं ऐका. दोघांना सारखं देऊन मोकळे होऊ नका. कोण कुठल्या दिशेने फिरतं ते आधी बघा. जो गळतो त्याच्याकडे तर सगळेच वाकून बघतात. ज्याचा कागद कोरा निघतो, त्याचाही कागद एकदा उचला, उजेडात धरा, आणि त्याला ऐकू जाईल असं म्हणा, छान.

आज सकाळी मिस्त्रीने दोन्ही कागद उचलले. दोन्ही कोरे. त्याने तिचा आधी पाहिला.

पाहू दे.